‘हरकत नाही’

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. माहेरच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, आणि मुलीला एकटीला पाठवायचे कसे, म्हणून दप्तर खुंटीला लागले ते लागलेच. तेव्हा माझ्या बोलण्यात काही चुकले-माकले तर घरची म्हणून सांभाळून घ्यावे.

सेक्रेटरीबाईंनी मला विषय दिला, ‘गावकारभार आणि स्त्रिया’. मी म्हटले, बाई, हा विषय शिकलेल्या बायकांना द्या. मला लोणची-पापडावर बोलायला सांगा. त्या म्हणाल्या, “तुमच्या हातून जे झाले ते सांगा, तेवढे पुरे.” म्हणून आज मी माझी एक चूक सांगणार आहे. ही चूक माझ्या एकटीची नाही, आपल्या पुष्कळ जणींची आहे, म्हणूनच ती सांगण्याचे धाडस करते.

आम्ही जिंतुरात आलो ते मुलांच्या शाळेसाठी. त्याआधी मी सासरी, आपल्याच तालुक्यातल्या एका लहान गावी नांदत होते. गावाचे नाव घेत नाही, कारण दोष गावाचा नाही. सन २००८ च्या जानेवारीतली गोष्ट. शेतात ज्वारी हुरड्यात आलेली. सकाळची घाई, मी चुलीपुढे भाकरी थापीत होते. इतक्यात ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारात उभा राहिला. “वहिनी, सही करा. महिला सभेची आहे.” मी म्हटले, “सभा कधी झाली?” तो म्हणाला, “झाली म्हणायची. सगळ्याच बायकांच्या घेतल्या, तुमची आणि म्हातारीची तेवढी राहिली.”

माझे हात पिठाने भरलेले. तव्यावर भाकरी करपायला आलेली. मी पदराला हात पुसले आणि सही केली. सासूबाईंनी अंगठा दिला. वर काय लिहिले आहे ते मी वाचले नाही. वाचता येत नव्हते असे नाही, भगिनींनो. वाचता येत होते, पण वाचले नाही. शिपाई म्हणाला, “बरं झालं, तुम्ही लगेच केली.” मला उलट बरे वाटले, की कुणाला खोळंबा झाला नाही.

आता पुढचे ऐका. आमच्या वस्तीसाठी आदल्या वर्षी एक बोअर मंजूर झाला होता. मारुतीच्या देवळामागे जागाही दाखवून झाली होती. मार्चमध्ये गाडी आली, ती आमच्या वस्तीकडे वळलीच नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि बोअर तिकडे पडला. त्या जागी पाणी लागले हेही खरे. तिकडच्या बायकांचीही सोय झाली. पण आमच्या वस्तीला तिथून घागर आणायची म्हणजे अर्धा गाव तुडवायचा, नाहीतर मळ्यातल्या विहिरीवर जायचे. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. येलदरीचे एवढे मोठे धरण आपल्या तालुक्यात. पूर्णेचे ते पाणी कालव्यांनी दूरदूरच्या शेतांना जाते, आणि धरणाच्या उशाशी राहणाऱ्या बाईची घागर रिकामी.

माझी थोरली तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. धाकटा कडेवर. सासूबाईंचे गुडघे धरलेले. विहिरीवर नंबर लावायला पहाटे मला एकटीला पुरे पडेना, म्हणून थोरलीला कळशी दिली. आज उशीर, उद्या खाडा, असे करता करता वार्षिक परीक्षेचा एक पेपर तिचा नंबर धरून उभे राहण्यात गेला. गुरुजी भले माणूस, त्यांनी मागाहून तिचा पेपर घेतला. पण माझ्या मनाला ते लागले. मी सातवीला थांबले, माझी लेक चौथीलाच थांबते की काय, असे वाटू लागले.

मग आम्ही सात-आठ बायका मिळून पंचायतीच्या कचेरीत गेलो. पदर खोचून, तावातावाने गेलो. ग्रामसेवक शांतपणे म्हणाले, “ताई, बसा.” त्यांनी कपाटातून रजिस्टर काढले आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवले. त्यात ठराव होता. देवळामागच्या जागी पाण्याची खात्री नसल्यामुळे बोअर दुसऱ्या जागी घेण्यात यावा, आणि शेवटी तीन शब्द होते: “महिलांची हरकत नाही.” खाली सह्या. पाचवी सही माझी. त्याखाली सासूबाईंचा अंगठा.

मला वाटले, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे. ज्यांच्याशी भांडायला गेले त्यांच्या कागदावर माझीच सही. घरी आले तर थोरली विचारते, “आई, तू सही कामून केलीस?” मला उत्तर देता आले नाही. मी तिला जवळ घेतले आणि नुसती गप्प बसले.

त्या रात्री मला माझ्या आजेसासूबाई आठवल्या. त्यांचा काळ निजामाचा. आपला मराठवाडा १९४८ च्या १७ सप्टेंबरला मुक्त झाला, त्याआधीचा. सरकारी कागद उर्दूत. बायकांनाच काय, गावातल्या चांगल्या कर्त्या पुरुषांनाही तो वाचता येत नसे. कागद पुढे आला की अंगठा उठवायचा. त्या म्हणत, “बाई, कशावर उठवला हे आम्हाला मरेस्तोवर कळलं नाही.” मी विचार केला, त्यांचा अंगठा न समजता लागला, माझी सही समजत असून न वाचता लागली. मग त्यांच्यापेक्षा मी शहाणी ती कशात?

भगिनींनो, ‘हरकत नाही’ हा आपला जन्माचा शब्द आहे. शिळे खायचे आहे? हरकत नाही. दुखते आहे, दवाखाना उद्या? हरकत नाही. घरात आपण तो शब्द मायेने बोलतो आणि त्याने घर चालते, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. पण तोच शब्द दुसऱ्याने आपल्या नावावर सरकारी कागदात लिहिला, की त्याची किंमत आपल्या लेकरांना मोजावी लागते.

मग मी काय केले ते सांगते. आमच्या घरचे म्हणाले, “झालं ते झालं, वैर कशाला घेतेस?” पण त्यांनीच मला नियम विचारून आणून दिले, हेही कबूल केले पाहिजे. तेव्हा मला कळले की ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. त्या कायद्याने गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो, बाई असो वा पुरुष. सभासद व्हायला कुणाला विचारावे लागत नाही. मतदारयादीत नाव आहे, म्हणजे सभेत बसण्याचा हक्क आहे. सभेची नोटीस आधी लागते, त्यात विषय लिहिलेले असतात. ग्रामसभेच्या अगोदर बायकांची वेगळी सभा घ्यायची, हेही कायद्यातच आहे. म्हणजे ती सभा ही कुणाची मेहेरबानी नव्हे. सभेला शंभर माणसे, किंवा मतदारांच्या शेकडा पंधरा, यातला जो आकडा कमी असेल तेवढी हजर लागतात. याला गणपूर्ती म्हणतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आमच्या गावात नेहमी असेच होई. आठ-दहा जण बसत आणि सगळ्या गावाचे ठरवून उठत. दोष त्या आठ-दहा जणांना काय द्यावा? ते निदान आले तरी होते.

आणि एक फार महत्त्वाची गोष्ट कळली. सभेचा पहिला विषय बहुधा हाच असतो की मागील सभेचे इतिवृत्त, ज्याला आपण प्रोसिडिंग म्हणतो, ते वाचून कायम करणे. आता हा ‘वाचून’ शब्द नोटिशीवर छापलेला असतो, पण वाचतो कोण? सगळे म्हणतात, “मंजूर, मंजूर, पुढचा विषय घ्या.” आम्ही ठरवले, की आपण फक्त एवढेच म्हणायचे: वाचा.

१ मे ची ग्रामसभा आली. आम्ही वस्तीतल्या एकवीस जणी गेलो. मोजून सांगते, कारण घरोघर मीच फिरले होते. काही जणींनी तोंडावर दार लावले, एकीच्या सासूने मला चार शब्द ऐकवलेही. सभेत गेलो तर पुरुष मंडळी हसली. एक जण म्हणाले, “आज हळदीकुंकू आहे का काय?” आम्ही खाली मान घालून सतरंजीच्या कडेला बसलो. पाय कापत होते. ग्रामसेवकांनी पहिला विषय घेतला, आणि “मंजूर” म्हणायच्या आत मी उभी राहिले. घसा कोरडा पडला होता. एवढेच म्हणाले, “भाऊसाहेब, वाचून दाखवा.”

सभा गप्प झाली. त्यांनी वाचले. “महिलांची हरकत नाही” हे शब्द आले तसे मी म्हणाले, “त्या दिवशी सभा झाली नाही. सही माझी आहे, ती मी घरी बसून केली, ही माझी चूक. पण हरकत आहे, आणि ती आता लिहून घ्या.”

तेव्हा एक गोष्ट घडली ती मी कधी विसरणार नाही. आमच्या गावची सरपंचपदाची जागा त्या वेळी स्त्रियांसाठी राखीव होती. सरपंचबाई खुर्चीवर बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, नजर खाली. कारभार सगळा घरचे पुरुष पाहत. आम्ही मनातून त्यांच्यावरच रागावलेल्या होतो. त्या हळूच म्हणाल्या, “लिहा. माझी बी सही घरीच घेतली होती. मी बी भाकरी टाकीत होते.” मग माझा राग कुठल्या कुठे गेला. खुर्चीवरची बाई आणि सतरंजीवरची बाई, दोघींच्या चुलीवर भाकरी करपत होती.

आमची हरकत लिहून घेतली गेली. बोअर काही उपटून आमच्या वस्तीत आला नाही. खोटे कशाला सांगू? तो उन्हाळा तसाच गेला. पण वस्तीला सार्वजनिक नळ द्यावा असा ठराव त्याच सभेत झाला, आणि दोन वर्षांनी नळ आला. त्यापेक्षा मोठी गोष्ट ही, की त्यानंतर सह्यांचे रजिस्टर आमच्या दारात फिरले नाही. सभेला बोलावणे येऊ लागले. येणाऱ्या बायका कधी पाच असत, कधी पंधरा.

पुढे मला कळत गेले, की आपल्याही आधी पुष्कळ बायकांनी ही वाट तुडवली आहे. राखीव जागांचा कायदा यायच्या आधी, १९८९ साली, जळगाव जिल्ह्यातले विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातले मेटीखेडा इथे सगळ्याच्या सगळ्या बायका पंचायतीत निवडून आल्या. विटनेरला तर पुष्कळ नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला. नंतर १९९३ साली घटनेत दुरुस्ती होऊन साऱ्या देशात गावी आणि शहरी एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, आणि आपल्या महाराष्ट्राने २०११ पासून त्या निम्म्या केल्या. निम्म्या म्हणजे बरोबरीच्या.

दारूच्या दुकानाचे पाहा. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या शेकडा पंचवीस स्त्री-मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर मतदान घ्यावे लागते. उभी बाटली की आडवी बाटली, असे ते मतदान. मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, की दुकान बंद. किती गावच्या बायकांनी अशी दुकाने बंद पाडली! तिथेही सुरुवात सहीनेच होते. पण ती सही त्यांनी सांगून-सवरून, वाचून केलेली असते. तीच सही, तेच पेन. न वाचता केली तर घरचे पाणी जाते, वाचून केली तर दारातली दारू जाते.

आणि कोल्हापूर जिल्ह्यातले हेरवाड तुम्ही ऐकले असेल. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून साऱ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करायला सांगितले. पाहा, ठराव म्हणजे नुसता रस्ता-नालीचाच नसतो. माझ्या एका जाऊबाईंचे कपाळ मी फार वर्षे मोकळे पाहिले आहे, आणि घरच्या हळदीकुंकवाला त्या स्वयंपाकघरातच बसत. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला आपण अशा भगिनींना मानाने पुढे बसवतो का, याचा विचार प्रत्येकीने मनाशी करावा. त्याला कुठल्या ठरावाचीही वाट पाहायला नको.

आता कुणी म्हणेल, ही सारी खेड्यातली गोष्ट झाली. आपण जिंतूरकर, आपल्याला नगरपरिषद आहे. अगदी खरे. नगरपरिषदांचा कायदा वेगळा, १९६५ सालचा. खेड्यासारखी ग्रामसभा शहरात भरत नाही. आपल्यासाठी बोलायचे ते नगरसेवक आणि नगरसेविका यांनी. मध्यंतरी राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका लांबल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. म्हणजे ज्याला दारात गाठून सांगावे असा आपल्या मताचा माणूसच नव्हता. म्हणून शहरातल्या बाईने तर जास्तच जागे राहिले पाहिजे. खेड्यात निदान वर्षातून चार वेळा सतरंजी अंथरतात. इथे सतरंजी आपणच अंथरायची आहे, आणि ती म्हणजे आपले हे मंडळ.

आपण काय करतो ते पाहू. दुपारी ओट्यावर बसून गव्हातले खडे निवडताना आपण नगरपरिषदेचे सगळे विषय चर्चेला घेतो. नाली तुंबली, घंटागाडी आली नाही, खांबावरचा दिवा गेला, नळाला पाणी आठ दिवसांनी. चर्चा उत्तम होते, पण इतिवृत्त लिहीत नाही कुणी! मग आपण म्हणतो, “सांगून सांगून थकलो.” कुणाला सांगितले? शेजारणीला. नगरसेविकेच्या घरी फोन केला आणि तिच्या मालकांनी उचलला, तर आपण त्यांनाच सांगून मोकळ्या होतो. आणि मग आपणच म्हणतो, बाई नुसती नावाला आहे. तिला नावापुरती ठेवण्यात आपलाही हात आहे. यापुढे फोन मालकांनी उचलला तर नम्रपणे म्हणावे, “ताईंना द्या, त्यांच्याशीच काम आहे.”

माझी मंडळाला तीन मागणी आहेत. मोठ्या नाहीत.

पहिली, दर महिन्याच्या बैठकीत एकच अडचण निवडावी आणि तिचा अर्ज लिहावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कचेरीत द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन यावे. याला पोच म्हणतात. पोच नाही तर अर्ज नाही, हे शेतकऱ्याच्या लेकीला सांगायला नको. बाजार समितीत माल घातला की पावती घेतल्याशिवाय आपले बाप हलत नसत.

दुसरी, उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे, २००५ सालचा. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये फी, आणि तीस दिवसांत उत्तर. आपल्या गल्लीच्या नालीसाठी किती पैसे मंजूर झाले आणि किती खर्चले, हे विचारायला शिक्षण लागत नाही. सातवी पुरते. आणि भांडणाची भाषा नको. आपण घरात दूधवाल्याचा हिशेब विचारतो, तितक्याच सहज विचारावे.

तिसरी मागणी सगळ्यांत लहान. न वाचता सही करायची नाही. बँकेत नाही, बचत गटात नाही, शाळेच्या पालक-सभेत नाही, आणि घरच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावरही नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शेजारणीकडून वाचून घ्यावे, आणि शेजारणीने कंटाळा करू नये. भाकरी करपली तर करपू द्या. भाकरी दुसरी टाकता येते.

माझी थोरली पुढे शिकली. तिने मला एकदा विचारले, “आई, तू त्या दिवशी सभेत उभी राहिलीस तेव्हा तुला भीती वाटली नाही?” मी म्हटले, फार वाटली. पण तू जे विचारले होतेस, त्याचे उत्तर मला द्यायचे होते. “सही कामून केलीस?” याचे उत्तर तिला मी तोंडाने कधीच देऊ शकले नाही. सभेत जाऊन दिले.

फार बोलले. जाता जाता एक सांगते, राग मानू नये. आत्ता भाषणाच्या आधी आपल्या मंडळाचे हजेरीचे पुस्तक फिरत होते. भराभर सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्याकडे आले तेव्हा मी पाहिले, वरची जागा कोरीच होती. ना तारीख, ना सभेचा विषय! सेक्रेटरीबाई घाईत होत्या, त्यांचा दोष नाही. पण मी सही करायची थांबले आहे. आधी त्यांनी वर लिहावे, मोठ्याने वाचावे, मग मी करीन. अध्यक्षाबाईंची याला हरकत नसावी.